तेवीस वर्षांनी भेटलेला मित्र

परदेशात चार-सहा वर्षं काढून वर्ध्याला, हिंगणघाटला किंवा आर्वीला परतलेला माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुधा झोपेची तक्रार घेऊन. विमानप्रवासाने बिघडलेलं झोपेचं घड्याळ आठवडा-दीड आठवड्यात ताळ्यावर येतं. याचं महिने उलटले तरी येत नाही. जेवणावर मन नाही, चिडचिड होते, घर भरलेलं असूनही करमत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सगळं ठीक निघतं. मग थोडं बोलतं केलं की कळतं, ज्यांच्यासोबत तिकडे स्वयंपाक केला, घरभाडं वाटून घेतलं, आजारपणं काढली, त्या मित्रांशी बोलून याला वर्ष झालं आहे. "आता आपल्या माणसांत आलास ना, मग बिघडलं कुठं?" असं घरचे विचारतात आणि याला उत्तर देता येत नाही.

हा अनुभव नवा नाही. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी अभ्यासकांनी 1963 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. परक्या देशात गेल्यावर माणूस आधी खचतो, मग रुळतो. घरी परतल्यावर तो पुन्हा एकदा खचतो आणि पुन्हा सावरतो. आलेख काढला तर इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षर दिसतं. पहिल्या उताराची तयारी सगळे करतात, दुसऱ्याची कुणीच करत नाही.

याच वर्धा जिल्ह्यात अशा मैत्रीची एक जुनी कथा आहे. गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईला उतरले, तेव्हा आफ्रिकेतली एकवीस वर्षं आणि तिथली माणसं मागे राहिली होती. त्यांत सर्वांत जवळचे होते जोहान्सबर्गचे वास्तुरचनाकार हर्मन कॅलनबॅक. सत्याग्रही कुटुंबांसाठी 1910 मध्ये स्वतःची अकराशे एकर जमीन देणारे ते हेच. तिथेच टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं. 1914 मध्ये ते गांधीजी आणि कस्तुरबांसोबत जहाजाने इंग्लंडला निघाले. पुढे भारतात येऊन एकत्रच राहायचं ठरलं होतं. पण इंग्लंडला पोहोचता पोहोचता महायुद्ध पेटलं. कॅलनबॅक जर्मन नागरिक. त्यांना भारतात यायची परवानगी मिळाली नाही, उलट पुढे आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबण्यात आलं.

पत्रं चालू होती, ती मध्येच थांबली. 1920 मध्ये मित्राचा पत्ता पुन्हा हाती लागताच गांधीजींनी लिहायला घेतलं. एव्हाना असहकाराची चळवळ उभी राहत होती, म्हणजे वेळ नाही म्हणायला त्यांच्याइतकं सबळ कारण क्वचितच कुणाकडे असेल. येतो-येतो म्हणता म्हणता कॅलनबॅक भारतात आले ते 1937 च्या मे महिन्यात. गुजरातच्या किनाऱ्यावर तिथलला दोघे भेटले, तेव्हा एक सदुसष्ट वर्षांचे आणि दुसरे सहासष्ट. तिथून पाहुणे आपल्या शेगावला आले. त्याला सेवाग्राम हे नाव अजून मिळायचं होतं.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1938 मध्ये, ज्यूंच्या प्रश्नावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लेख लिहिला. कॅलनबॅक स्वतः ज्यू आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची भूमी व्हावी या मताचे. लेखातली भूमिका त्यांना पटण्यासारखी नव्हती. तरीही 1939 च्या सुरुवातीला ते पुन्हा आले आणि या मुक्कामात त्यांना मलेरियाने गाठलं. हल्ली एखाद्या फॉरवर्डवरून ग्रुप सोडणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

मैत्रीचा आरोग्याशी असलेला संबंध आता केवळ अनुभवाची गोष्ट उरलेली नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे नातेसंबंध बळकट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. एकटं पडल्याची भावना शरीर धोक्यासारखी वाचतं. ताणाची संप्रेरकं वाढतात, झोप उथळ होते, रक्तदाब चढा राहू लागतो.

मग एवढं कळूनही लोक मित्राला फोन का करत नाहीत? लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी 2024 मध्ये याचा शोध घेतला. संपर्क तुटलेल्या मित्राला निरोप लिहायला वेळ दिला, नंबर हाताशी होता, मित्राला आनंदच होईल अशी खात्रीही होती. तरी जेमतेम एक तृतीयांश लोकांनी तो निरोप पाठवला. 'इतक्या दिवसांनी कसं बोलायचं', 'त्याला वाटेल काहीतरी काम आहे' हा संकोच तिकडच्यांनाही आपल्याइतकाच आहे. गंमत अशी, की आधी तीन मिनिटं रोजच्या मित्रांना निरोप पाठवायला लावल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी जुन्या मित्रालाही पाठवला. हात सैल झाला की झालं.

आणखी एक. निरोपापेक्षा आवाज बरा. लेस्ली सेल्त्झर यांच्या 2012 मधल्या प्रयोगात ताणाखाली असलेल्या मुली आईशी फोनवर बोलल्या, तेव्हा कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक उतरलं आणि ऑक्सिटोसिन वाढलं. तोच दिलासा आईने टाइप करून पाठवला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. प्रयोग मायलेकींवरचा आणि लहान होता, मित्रांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण व्हॉट्सॲपवर फुलांचं सुप्रभात धाडून मैत्री सांभाळली असं समजणाऱ्यांना त्यातून थोडी शंका यायला हवी.

अर्थात सगळंच मित्रांवर ढकलू नये. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कामात लक्ष लागेना, जगण्याचाच कंटाळा वाटू लागला, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला उपचार लागतात. 'टेलि-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

कॅलनबॅक 1945 च्या मार्चमध्ये जोहान्सबर्गला वारले. त्यांनी जपून ठेवलेली गांधीजींची पत्रं 2012 मध्ये लंडनला लिलावात निघणार होती. भारत सरकारने ती आधीच विकत घेतली. तेव्हा एक पत्र बोटीने पोहोचायला आठवडे लागत. आज अडचण उरली आहे ती घड्याळाची, आणि तीही फारशी नाही. वर्ध्यात रविवारचे सकाळचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला शनिवारची रात्र साडेनऊ-साडेदहाची असते, कॅलिफोर्नियात तर संध्याकाळच. तिकडे सुट्टी, इकडेही सुट्टी, आणि चहा नुकताच झालेला असतो.