गट नंबर एकच, गावे दोन. एक्सेल कोणाचे क्षेत्र दाखवणार?

अतिवृष्टीनंतर पंचनामे होतात आणि शेतकऱ्यांच्या याद्या संगणकावर चढतात. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि गट नंबर प्रत्येक गावात पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळेच ऑनलाइन सातबारा काढताना आधी जिल्हा, तालुका, गाव निवडावे लागते, मग गट नंबर. एक्सेलच्या यादीत मात्र अनेकदा नुसत्या गट नंबरवर शोध घेतला जातो आणि घोळ होतो.

चूक कुठे होते?

समजा, मेहकर तालुक्याच्या यादीत डोणगावचा गट ४५ वर आणि जानेफळचा गट ४५ खाली आहे. पहिल्याचे क्षेत्र १.२० हेक्टर, दुसऱ्याचे ०.६० हेक्टर. 'व्हीलुकअप' पहिली जुळणारी नोंद उचलते आणि थांबते. जानेफळच्या शेतकऱ्यापुढेही १.२० हेक्टर येते. एरर न आल्याने कोणाला शंकाही येत नाही. मदत हेक्टरी दराने ठरते. क्षेत्र चुकले की रक्कम चुकते.

सोपा उपाय : जोड रकाना

यादीत डावीकडे एक नवा रकाना घ्यावा. त्यात 'अँड' चिन्हाने गाव आणि गट जोडावेत, मध्ये रेघ ठेवावी : 'जानेफळ-४५'. शोधतानाही असाच जोड द्यावा. रेघ महत्त्वाची आहे. दोन आकडे जोडताना ती नसेल, तर १ व १२ आणि ११ व २ या दोन्ही जोड्यांचे ११२ होते.

दुसरा उपाय : थेट दोन अटी

एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल, तर 'एक्सलुकअप'मध्ये शोधायचे मूल्य १ द्यावे. पुढे 'गाव जुळते' आणि 'गट जुळतो' या दोन अटी कंसात लिहून त्यांचा गुणाकार करावा. अट खरी असेल तर १, खोटी असेल तर ०. म्हणून दोन्ही खऱ्या असलेल्या ओळीतच उत्तर १ येते. जुन्या एक्सेलमध्ये हेच काम 'इंडेक्स' व 'मॅच' मिळून करतात. सूत्र लिहून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावे लागते.

हे तपासा

* गावाच्या नावामागे राहिलेली मोकळी जागा 'ट्रिम'ने काढावी.
* '१२/१' असा पोटहिस्सा टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करते. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा.
* 'काउंटइफ्स'ने त्या गाव-गटाच्या नोंदी मोजाव्यात. उत्तर १ पेक्षा जास्त आले, तर गटात एकाहून अधिक खातेदार असू शकतात. अशा वेळी खाते क्रमांक ही तिसरी अट जोडावी.

यादी पाठवण्यापूर्वी दोन-चार नावे सातबाऱ्याशी ताडून पाहावीत. त्याला पाच मिनिटे लागतात. चुकीच्या क्षेत्रावर रक्कम जमा झाल्यावर मात्र हेलपाटे शेतकऱ्यालाच घालावे लागतात.