तंत्रिकाश्लेष कोशिका व भयस्मृती

तंत्रिका कोशिकांना (न्यूरॉनांना) आधार व पोषण पुरविणाऱ्या मेंदूतील कोशिकांना (पेशींना) तंत्रिकाश्लेष किंवा ग्लिया कोशिका म्हणतात. तंत्रिका कोशिकांना जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, या कल्पनेतून रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये हे नाव सुचविले. मानवी मेंदूत तंत्रिका कोशिका सु. ८,६०० कोटी असून इतर कोशिकाही जवळजवळ तेवढ्याच आहेत. भयाच्या अध्ययनात व स्मृतीत तंत्रिकाश्लेष कोशिकांचा सक्रिय सहभाग असतो, असे अलीकडील संशोधनावरून दिसते.

एखादे निरुपद्रवी उद्दीपक संकटाच्या जोडीने अनुभवास आले, म्हणजे पुढे केवळ त्या उद्दीपकानेही भय उत्पन्न होते. यास भय-अभिसंधान म्हणतात. जुलै १९८९ मध्ये मावळ तालुक्यातील भाजे येथे अतिवृष्टीत दरड कोसळून जीवितहानी झाली. अशा प्रसंगातून वाचलेल्यास पुढे मुसळधार पावसाचा नुसता आवाजही अस्वस्थ करू शकतो. लोणावळा-मावळ भागात डोंगरपायथ्याशी राहणाऱ्यांना ही सावधता उपकारक ठरते. मात्र धोका टळल्यावरही भय तसेच राहिल्यास ते विकाराचे रूप घेते.

या प्रक्रियेत मेंदूतील बदामाच्या आकाराचे केंद्र (अमिग्डला) व हिप्पोकॅम्पस हे भाग महत्त्वाचे होत. तेथील ताराकोशिका ग्लायकोजेनापासून लॅक्टेट तयार करून तंत्रिका कोशिकांना देतात. हा पुरवठा रोखल्यास दीर्घकालीन स्मृती तयार होत नाही, असे २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. २०१७ मध्ये अमिग्डलाच्या मध्यवर्ती भागातील ताराकोशिका उद्दीपित केल्यावर उंदरांची भयप्रतिक्रिया कमी झाली. याउलट, शिकण्याच्या वेळी हिप्पोकॅम्पसातील ताराकोशिका उद्दीपित केल्यास भयस्मृती दृढ होते, असे २०१८ मध्ये दिसून आले. आठवण्याच्या वेळी त्या उद्दीपित केल्यास तसे घडत नाही. म्हणजे एकाच प्रकारच्या कोशिकेचे कार्य स्थान व वेळ यांनुसार बदलते.

अल्पशाखी कोशिका तंत्रिका तंतूंवर मायलिनाचे आवरण चढवितात. नवे मायलिन तयार होऊ न शकणाऱ्या उंदरांना ताजे भय आठवते. परंतु काही आठवड्यांनंतर ती स्मृती क्षीण होते (२०२०). सूक्ष्मश्लेष कोशिका तंत्रिका कोशिकांमधील अनुबंधने काढून टाकतात व त्यामुळे विस्मरण घडते, असेही त्याच वर्षी दिसले.

सुरक्षित परिस्थितीत भयोद्दीपकाचा वारंवार अनुभव दिल्यास भय ओसरते. यास विलोपन म्हणतात. त्यात मूळ स्मृती पुसली जात नाही, तर तिच्यावर नवे अध्ययन होते. म्हणूनच ओसरलेले भय कधीकधी परतते. वरील निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून आलेले असल्याने मानवी उपचारांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.