मुंबईत करमत नाही? सकाळी मैदानात या

‘करमत नाही’ असं निदान आम्ही कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं पाहिलं नाही. पण विदर्भ, सेवाग्राम, देवगिरी, तपोवन या गाड्यांनी मुंबईत उतरलेल्या आपल्या भगिनी दवाखान्यात येतात, तेव्हा मूळ तक्रार बहुतेक वेळा तीच असते. तोंडाने वेगळं सांगतात. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, रात्री दोनला जाग येते ती येतेच. बीपी घ्यावं तर बरोबर, ईसीजी काढावा तर तोही बरोबर. मग एक गोळी लिहून मिळते आणि बाई परत आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत जाते.

आम्ही म्हणजे चेंबूरकडच्या एका वस्तीतल्या सात-आठ जणी. तिघी परिचारिका, त्यातल्या एकीने नोकरी सोडून वस्तीतलंच काम धरलंय. एक अंगणवाडी सेविका, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, दोघी घरकामाला जाणाऱ्या. बाकीच्या येत-जात असतात. सगळ्या बाहेरून आलेल्या. गाव आम्हाला फार गोड वाटतं असं कुणी समजू नये. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत गावाबद्दल काय सुनावलं होतं ते आम्हाला ठाऊक आहे, आणि आमच्या आज्यांनी ते भोगलंही आहे. परत जायचं म्हणून आम्ही रडत नव्हतो. पण गावच्या घराला अंगण होतं, ते इथे नाही, एवढं खरं. एकदा गप्पांत हिशेब केला, तर आमच्यातल्या एकीचा पाय चार महिन्यांत मातीला लागलाच नव्हता. खोलीची फरशी, जिना, रिक्षा, लोकल, कामावरची फरशी, आणि उलट त्याच वाटेने घरी.

तेव्हा ठरवलं, पहाटे वस्तीमागच्या मैदानात जायचं.

सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही नुसत्या कडेने चालत होतो. मैदान मुलांचं, पुरुषांचं, कट्टा म्हाताऱ्यांचा. बाईने तिथे सतरंजी टाकून उताणं पडायचं म्हणजे काय! लोक बघतात, हसतात. साडी नेसून पाय वर कसा करणार? मग सलवार-कमीज, अंगावर ओढणी, एकीने कायम उठून बसायचं आणि बाकीच्यांनी पडायचं, असं करत करत भीड चेपली. मुलांशी भांडणही झालं. रविवारी सात वाजता त्यांची मॅच सुरू होते. शेवटी सौदा झाला: पावणेसहा ते पावणेसात आमचं, नंतर त्यांचं. पर्जन्यवृक्षाखालचा कोपरा मात्र कायमचा आमचा. आता त्यांच्यातलाच एक जण आम्ही येण्याआधी तिथल्या काचा वेचून ठेवतो.

काय करतो ते सांगतो, कारण पत्रं येतात. आधी चप्पल काढून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. वजन टाचांवर आहे की चवड्यांवर, डाव्या पायावर जास्त की उजव्या, एवढंच बघायचं. दिवसभर काउंटरवर किंवा ओट्यापाशी उभी राहणारी बाई एकाच पायावर भार देते आणि तिला ते माहीतही नसतं. मग ताडासन. मग वृक्षासन, तेही शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून. तोल गेला तर दोघी हसतो. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्या खाली बसून मार्जारासन, भुजंगासन करतात. त्यानंतर श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दहा मिनिटं. श्वास सोडायचा वेळ लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात, धडधड बसते. यात चमत्कार काही नाही, शरीरातल्या नसांची रचनाच तशी आहे. पण श्वास कोंडून धरायचा नाही, विशेषतः बीपी असेल तर. शेवटी मैदानाला दोन फेऱ्या, सावकाश, न बोलता. न बोलता हा भाग आम्हाला सगळ्यात अवघड जातो.

आपल्यातल्या काही भगिनी ‘योग’ म्हटलं की मागे सरतात. उद्यानातल्या दुसऱ्या गटात सुरुवातीला मंत्र म्हणतात, ते त्यांना नको असतं. आम्ही कुणाला म्हणायला लावत नाही. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं, चालताना चालण्याचं भान ठेवणं, हे आनापान आणि चंक्रमण आपल्याला विहारात शिकवलेलंच आहे. आणि आसनं म्हणाल तर लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम सुरू झालं, तिथे ती प्रयोगशाळेत तपासली गेली. अंग ताणलं की स्नायू मोकळा होतो, तो कुणाचाही असो. ज्या सूर्यनमस्कार घालत नाहीत त्या त्या वेळात चालतात. हा वाद आमच्याकडे दोन दिवस चालला, मग पोळीभाजीवाल्या ताईंनी विचारलं, ‘करायचं काय ते ठरवा, मला साडेसातला कणीक मळायची आहे.’

आता आमची चूक सांगतो.

गेल्या वर्षी भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी आमच्यात आली. वय बावीस, मॉलमध्ये बिलिंगला, चौघींबरोबर एका खोलीत. रोज रडायची. हातपाय दुखतात, थकवा येतो, म्हणायची. आम्ही तिघी शिकलेल्या परिचारिका! आम्ही ठरवून टाकलं की हिला करमत नाही, चार दिवसांत रुळेल. ‘आसनं चुकवू नकोस, घाम निघाला की दुखणं पळतं,’ असं आम्हीच सांगितलं. जानेवारीतली गार पहाट, पोटात पाणी नाही, आणि आम्ही तिला बारा सूर्यनमस्कार घालायला लावले. त्या दुपारी ती कामावर कोसळली. पाय आणि कंबर इतकी ठणकत होती की हात लावू देईना. वॉर्डात आम्ही तिच्या उशाशी बसलो, तेव्हा हळूच म्हणाली, ‘ताई, मले सिकल हाय. घरच्यायनं सांगू नको म्हटलं होतं.’ कार्ड तिच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी होतं. कळलं तर लग्न जमणार नाही, नोकरी टिकणार नाही, ही भीती.

विदर्भातल्या आदिवासी भागांत आणि आपल्या समाजातही सिकलसेल आहे, हे आम्हाला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं, थंडी लागली, अंगाला झेपेल त्याहून जास्त श्रम झाले, की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं ठणकू लागतात. आम्ही तिच्याकडून नेमकं तेच तिन्ही करून घेतलं. दुखणं मनाचं म्हणून मोकळं होणं सोपं असतं, विशेषतः दुखणारी बाई गरीब आणि नवखी असली की. हे दुसऱ्यांनी आपल्याशी केलेलं आम्हाला चांगलंच कळतं.

तेव्हापासून नव्या बाईला सतरंजीवर बसवण्याआधी आम्ही विचारतो: घरात कुणाला सिकलसेल? रक्त कधी तपासलं? हिमोग्लोबिन बारापेक्षा खाली असेल (गरोदर नसलेल्या बाईचं बोलतोय) तर थकवा आसनांनी जाणार नाही. कारण शोधायचं, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. सिकलसेलमध्ये तर रक्त कमी असलं तरी मनाने लोह सुरू करायचं नाही. सिकलसेल असलेल्या बाईने उन्हं वर आल्यावर यावं, अंगात स्वेटर घालून, येण्याआधी आणि मधे पाणी पिऊन. हलकं करावं, दम लागायच्या आत थांबावं. ताप आला, छातीत दुखलं, श्वास लागला, तर शेक आणि मालीश करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. बीपी, काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली जाईल असं काही करू नये. दमेकऱ्यांनी हिवाळ्यात पहाटेचा हट्ट सोडावा. त्या वेळी धूर जमिनीलगत साचतो, आठनंतर हवा जरा बरी असते. आणखी एक गैरसमज: पहाटेच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, त्याला चढतं ऊन लागतं. पहाटेच्या उजेडाने झोपेचं घड्याळ मात्र लागतं, आणि आमच्यातल्या दोघींची रात्री दोनची जाग त्यानेच गेली असं आम्हाला वाटतं.

मैदानात येऊन खोलीचं भाडं कमी होत नाही, मुकादम गोड बोलायला लागत नाही. पण एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात जातं. आसनांइतकाच याचाही गुण आहे, कदाचित जास्तच. आणि जिला दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, जिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, तिला आम्ही मैदानावर भागवत नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत सोबत जातो. रात्री-अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो.

पावसाळ्यानंतर आम्ही सगळ्या बोरिवलीला कान्हेरीला जाऊन आलो. शंभरावर लेणी, आणि कितीतरी खोल्यांच्या दारात बसायला दगडी ओटा, शेजारी पाण्याची पोढी. म्हणजे भिक्खूंनाही आत कोंडून घेणं पसंत नसावं, असं आमची अंगणवाडी सेविका म्हणाली. भंडाऱ्याची मुलगी त्या ओट्यावर बराच वेळ पाय सोडून बसली होती. ती आता डॉक्टरांच्या गोळ्या नियमित घेते, मैदानात साडेसातला येते, हातात लिटरची बाटली असते. कार्ड पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवते. लग्नाचं घरी अजून चालूच आहे. मुलाची तपासणी आधी होऊ द्या, असं तिने आईला फोनवर सांगितलं, ते आम्ही ऐकलं.

येत्या रविवारी मुलांची फायनल आहे, मैदान त्यांना दिलंय. आम्ही विहाराच्या गच्चीवर जमणार आहोत. सतरंजी आणि पाणी आपापलं आणावं.