सहीचे मुद्राचित्र : पारख आणि जतन

बंगळुरू - पंढरपूर येथे जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे २०११ मध्ये, तर बंगळुरूमध्ये राहून एकाकी माणसांच्या आकृती रंगवणारे युसूफ अरक्कल यांचे २०१६ मध्ये निधन झाले. त्यांच्या सहीची मुद्राचित्रे आता नव्याने निघणे शक्य नाही. त्यामुळे असे चित्र घरी असलेल्यांसमोर दोन प्रश्न उभे राहतात : ते अस्सल आहे काय आणि त्याचे मोल किती?

मुद्राचित्र म्हणजे मूळ चित्राची छायाप्रत नव्हे. धातूचा पत्रा, दगड, लाकूड किंवा रेशमी जाळी यांच्यावर चित्र तयार करून त्याचे ठसे कागदावर घेतले जातात. मर्यादित आवृत्तीत प्रतींची संख्या निश्चित केलेली असते. चित्राखाली डावीकडे '२५/१००' असे लिहिले असल्यास ती शंभरपैकी पंचविसावी प्रत होय. उजवीकडे बहुधा पेन्सिलीने केलेली सही असते. 'ए/पी' ही अक्षरे चित्रकारासाठी राखलेली प्रत दर्शवतात. केवळ क्रमांक लहान म्हणून किंमत वाढत नाही.

पारख कशी करावी?

प्रथम भिंगातून पाहावे. रंगांऐवजी बारीक ठिपक्यांची सारखी जाळी दिसल्यास ती यांत्रिक छपाई असण्याची शक्यता अधिक असते. धातूच्या पत्र्यावरून घेतलेल्या ठशाभोवती दाबाची खूण उमटते. रेशमी जाळीच्या छपाईत ती नसते. पेन्सिलीची सही तिरप्या प्रकाशात किंचित चमकते, छापलेली सही तशी चमकत नाही. प्रमाणपत्रही बनावट असू शकते. म्हणून खरेदीची पावती, कलादालनाचे नाव आणि पूर्वीच्या मालकांची माहिती महत्त्वाची ठरते.

हुसेन यांचे १९५४ मधील 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना विकले गेले. मात्र तो दर एकमेव तैलचित्राचा आहे. मुद्राचित्राचे मोल ठरवताना त्याच आवृत्तीतील अन्य प्रतींना लिलावात मिळालेला भाव, प्रतींची संख्या आणि कागदाची अवस्था पाहावी लागते.

जतन कसे करावे?

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूची हवा सौम्य असली, तरी पावसाळ्यातील दमटपणामुळे कागदावर बुरशी व तपकिरी डाग पडतात. कसरही लागते. चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवर अथवा थेट उन्हात लावू नये. चौकटीत आम्लविरहित पुठ्ठा वापरावा आणि काच चित्राला टेकणार नाही, अशी व्यवस्था करावी.

सर्वाधिक हानी मात्र चांगल्या हेतूनेच होते. चौकटीत बसावे म्हणून कडा कापल्या, तर क्रमांक व सही यांनाच धोका पोहोचतो. डिंकाने चिकटवलेले किंवा लॅमिनेशन केलेले चित्र पूर्ववत करणे अतिशय कठीण असते. डाग खोडरबराने अथवा ओल्या फडक्याने पुसू नयेत. पेन्सिलीची सही त्यात पुसली जाऊ शकते. अशा वेळी कागदाच्या संवर्धनातील तज्ज्ञाची मदत घ्यावी. बंगळुरूमध्ये 'इन्टॅक' या संस्थेचे कलासंवर्धन केंद्र आहे.

चित्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मोजमाप आणि पावती एकत्र ठेवल्यास पुढील पिढीला त्याची ओळख पटवणे सोपे जाते.