मान सरळ झाल्यानंतर : मानेच्या कण्यावरील शस्त्रक्रिया व त्यानंतरची वाटचाल

मानेच्या कण्यातील व्यंगावर शस्त्रक्रिया करून घेण्याचा निर्णय कोणतेही कुटुंब सहजासहजी घेत नाही. लकवा होईल का, आवाज जाईल का, रुग्ण पुन्हा आपल्या पायांवर उभा राहील का, अशा अनेक शंका मनात असतात. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली की साहजिकच सर्वांना हायसे वाटते, आणि उपचार संपले असा समज होतो. वस्तुतः तेथून पुढचे वर्षभर उपचारांचा दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग चालू असतो, आणि तो मुख्यतः रुग्णाच्या घरी पार पडतो. या भागाची माहिती रुग्णांना, त्यांच्या नातेवाइकांना व आमच्या हितचिंतकांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

व्यंग म्हणजे नेमके काय?

मानेत ७ मणके असतात. निरोगी मानेला पुढच्या बाजूस किंचित फुगीर असा नैसर्गिक बाक असतो, आणि त्यामुळे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके खांद्यांच्या वर तोलले जाते. हा बाक नाहीसा होऊन मान उलट दिशेने वाकू लागली की डोके पुढे झुकते, मानेमागचे स्नायू सतत ताणलेले राहतात व थकतात. व्याधी वाढल्यास हनुवटी छातीला टेकते. अशा रुग्णाला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, घास चावणे व गिळणे जड जाते, हनुवटीखालची त्वचाही स्वच्छ ठेवता येत नाही.

याची कारणे अनेक आहेत. कणा ताठर करणारा संधिवात, आमवात, मणक्यांचा क्षयरोग, वाढत्या वयातील झीज, मानेवर मागील बाजूने पूर्वी झालेली शस्त्रक्रिया ही त्यांपैकी काही होत. कवटी व पहिले दोन मणके यांच्या सांध्यातील जन्मजात दोष आपल्या देशात बऱ्याच प्रमाणात आढळतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी पहिला व दुसरा मणका स्क्रू व पट्टीने जोडण्याची पद्धत १९९४ साली शोधनिबंधातून मांडली. पुढे २००१ साली जर्मनीतील डॉ. हार्म्स यांनी तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. आज ही पद्धत या दोघांच्या नावाने जगभर वापरली जाते.

व्यंग केवळ दिसण्यापुरते असते, तर एवढी मोठी शस्त्रक्रिया क्वचितच करावी लागली असती. खरा धोका मज्जारज्जूला असतो. वाकलेल्या कण्यावरून मज्जारज्जू ताणला जातो व दाबलाही जातो. शर्टाची बटणे लावता न येणे, हातातून भांडे निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा कमी होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणूनच शस्त्रक्रियेचे उद्देश तीन असतात : मज्जारज्जूवरील दाब काढणे, मान शक्य तितकी योग्य स्थितीत आणणे आणि ती त्या स्थितीत कायमची स्थिर करणे.

पहिले काही दिवस

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सामान्यतः एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवले जाते. गळ्याच्या पुढील बाजूने दीर्घ शस्त्रक्रिया झाली असल्यास श्वसनमार्गाला सूज येण्याचा संभव असतो. त्यामुळे श्वासनलिकेतील नळी काही वेळा रात्रभर तशीच ठेवावी लागते. ही खबरदारी आहे. नळी दिसली म्हणजे प्रकृती बिघडली, असे नातेवाइकांनी समजू नये.

पुढील बाजूने शस्त्रक्रिया झालेल्या बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला गिळताना त्रास होतो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा मात्र अधिक काळ रेंगाळतो. पातळ पाणी घशात अडकून ठसका लागतो, पण दाटसर पदार्थ त्या मानाने सुखाने उतरतात. म्हणून खिमट, मऊ भात व घट्ट वरण, नाचणीची दाट पेज असे अन्न ताठ बसवून, लहान घासांनी द्यावे. आवाजही काही काळ घोगरा राहू शकतो.

मानेतील मज्जातंतूंच्या ८ जोड्यांपैकी पाचवी जोडी विशेष नाजूक समजली जाते. मज्जारज्जूवरील दाब काढल्यानंतर १०० रुग्णांपैकी सरासरी ५ जणांना काही दिवसांत एक दंड खांद्यातून उचलणे कठीण होते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असतानाही हे घडू शकते, आणि बहुतेकांची शक्ती आठवड्यांत अथवा महिन्यांत परत येते. तोवर खांदा आखडू नये म्हणून दुसऱ्याच्या मदतीने हात हलवत राहणे आवश्यक असते.

प्रकृती पाहून रुग्णाला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच बसविण्यास व उभे करण्यास सुरुवात होते. कूस बदलताना मान, खांदे व कंबर एकाच वेळी, ओंडका वळवावा तशी वळवायची असतात. परिचारिका ही रीत शिकवितात तेव्हा घरी सेवा करणाऱ्या व्यक्तीने ती स्वतःच्या हातांनी करून पाहावी.

हाड सांधण्याचा काळ

स्क्रू व सळया मान धरून ठेवतात, परंतु त्यांची मदत मर्यादित काळापुरती असते. मणक्यांच्या मध्ये ठेवलेले हाडाचे तुकडे सांधून एकजीव झाले, तरच मान खऱ्या अर्थाने स्थिर होते. त्यास साधारणतः ३ ते ६ महिने, कधी वर्षही लागते. हाड सांधलेच नाही, तर रोजच्या हालचालींनी धातू थकतो, स्क्रू सैल होतात किंवा सळई तुटते, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते.

हाड सांधण्याचा मोठा शत्रू म्हणजे तंबाखू. त्यातील निकोटीन हाडाचा रक्तपुरवठा कमी करते. विडी-सिगारेटबद्दल बहुतेकांना ठाऊक असते, पण मिसरी लावणाऱ्या आपल्या माताभगिनी तिला तंबाखू समजतच नाहीत. निकोटीन तिच्यातूनही शरीरात जाते, म्हणून मिसरीही पूर्ण बंद करावी. मधुमेह आटोक्यात ठेवावा. आहारात डाळी, दूध, अंडी असावीत. ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती भरून काढावी. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काही हाड सांधण्याची क्रिया मंदावतात.

कॉलर किती दिवस व केव्हा वापरायची, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. शेजारच्या रुग्णाची मुदत पाहून ती काढू नये, तसेच भीतीपोटी सांगितल्यापेक्षा अधिक काळही वापरू नये. डोक्यावरून हंडा, पाटी वा मोळी वाहणे कायमचे थांबवावे. शीर्षासन करू नये. मान मोडून घेणे, चोळून घेणे किंवा हाडवैद्याकडून झटका देऊन घेणे हे प्रकार प्राणावर बेतू शकतात. जमिनीवरील अंथरुणापेक्षा खाट बरी, म्हणजे उठताना मानेला हिसका बसत नाही. न्हाणीघर व शौचालय येथे धरायला आधार असावा, कारण या काळात पडणे सर्वांत घातक ठरते.

जखमेतून पू अथवा पाण्यासारखा स्वच्छ द्रव येणे, ताप, हातापायांतील नवीन अशक्तपणा, लघवी अडणे, पोटरी सुजून दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गळ्याची सूज वाढून श्वास अडखळू लागल्यास क्षणभरही थांबू नये.

काय परत येते, काय येत नाही

येथे आम्हास स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. दबलेला मज्जारज्जू मोकळा झाला, तरी किती सुधारणा होईल हे मुख्यतः तो आधी किती व किती काळ दबलेला होता यावर अवलंबून असते. हातांची कुशलता, चाल, लघवीवरील ताबा आदींची नोंद आम्ही १८ गुणांच्या एका मापनपद्धतीने करतो. १५ ते १७ गुण म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम आणि ११ व त्याखाली तीव्र आजार. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसतो, त्यानंतरची गती मंद असते. बोटांतील बधिरपणा बऱ्याचदा मागे उरतो. पुष्कळ वर्षे विलंब झालेल्या रुग्णात अधिक बिघाड थांबणे हेच मोठे यश मानावे लागते. म्हणूनच ‘अजून चालता येते आहे, तोवर थांबू’ हा विचार महागात पडतो.

मान वळविण्याची क्षमताही काही अंशी जाते. डोके डावीकडे-उजवीकडे वळण्याची जवळजवळ निम्मी हालचाल पहिल्या दोन मणक्यांमधील सांध्यात होते. तो सांधा जोडला की मागे पाहण्यासाठी खांद्यासह वळावे लागते. दुचाकी चालविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे आणि डॉक्टरांच्या परवानगीविना वाहन हाती घेऊ नये.

‘मान आणखी थोडी सरळ का केली नाही?’ असा प्रश्न काही नातेवाईक विचारतात. ज्याचा संपूर्ण कणाच ताठर आहे, त्याची मान अगदी सरळ केली तर त्याला समोरचे दिसेल, पण पायाखालची पायरी दिसणार नाही, आणि ताटातला घासही दिसणार नाही. म्हणून अशा रुग्णाची नजर किंचित खाली राहील, इतकाच बाक सर्जन हेतुपुरस्सर ठेवतात. नजरेची पातळी बदलल्यामुळे सुरुवातीला तोल सावरण्यासही थोडा अवधी लागतो. त्या दिवसांत सोबत कोणीतरी असावे.

कुटुंबाचा वाटा

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात. त्यामुळे अनेकांच्या शस्त्रक्रियेचा मार्ग सुकर झाला. परंतु पुढील वर्षातील एस. टी.चे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज आणि कर्त्या माणसाची बंद पडलेली मजुरी हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही. फेरतपासणी चुकते ती पुष्कळदा याच कारणाने. रुग्णाला आता बरे वाटते, मान सरळ दिसते, मग एवढ्या लांब कशाला जायचे, असे घरात ठरते. सैल होऊ लागलेला स्क्रू दुखण्याआधी क्ष-किरण चित्रात दिसू शकतो. ती एक फेरी चुकली, तर सहा महिन्यांचे कष्ट वाया जाण्याची भीती असते.

यास्तव आमची विनंती अशी, की शस्त्रक्रियेला संमती देताना कुटुंबाने वर्षभराचा विचार एकत्र बसून करावा. घरी कोण थांबणार, व्यायाम कोण करून घेणार, तपासणीस कोण आणणार, हे आधीच ठरवावे. फेरतपासणीचा प्रवास परवडत नसेल, तर संकोच न बाळगता समाजसेवा विभागात सांगावे. आणि ज्या दानशूर व्यक्ती शस्त्रक्रियेसाठी साहाय्य करतात, त्यांनी रुग्णाच्या पुढील चार-पाच फेऱ्यांच्या प्रवासखर्चाचाही विचार करावा. ती रक्कम लहान असते, पण झालेली शस्त्रक्रिया टिकवण्याचे काम ती करते.