सलाईनच्या बाटलीत किती भाकरी असतात?

"डॉक्टर, फार अशक्तपणा आहे, एखादी ताकदीची सलाईन लावा." खंडाळ्यातल्या माझ्या दवाखान्यात हे ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. रुग्ण बहुतेक वेळा साताऱ्याहून किंवा पुण्याहून ऑपरेशन करून आलेला असतो, नाहीतर टीबीचं निदान नुकतंच झालेलं असतं.

आधी त्या बाटलीचा हिशोब बघू. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण १०० कॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत याच्या दुप्पट कॅलरी आणि वर सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. मिठाच्या सलाईनमध्ये तर कॅलरी शून्य. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं की सलाईन जीव वाचवते. जेवणाचं काम ती करत नाही.

आजारपणात शरीराची गरज वाढते आणि भूक मात्र मरते. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो, खोकून कफ बाहेर काढण्याइतकीही ताकद राहत नाही. माझ्याकडच्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. पण "जड पचणार नाही" म्हणून घरच्यांनी त्यांना तीन आठवडे पेज आणि चहा-बिस्किटांवर ठेवलं. पाठीला जखम झाली, ती चिघळली, पुन्हा ॲडमिट करावं लागलं. ड्रेसिंग, अँटिबायोटिक्स, गाडीभाडं आणि शिरवळच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलाच्या बुडालेल्या पाळ्या, हा सगळा खर्च ऑपरेशननंतरचा. रोजची दोन अंडी आणि कपभर दूध यापुढे काहीच नव्हतं. घरच्यांचा दोष नाही. डिस्चार्ज देताना जेवणाबद्दल त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक कुपोषित किंवा तसा धोका असलेल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची गरज मोजून खाणं ठरवलं, तेव्हा महिनाभरातले मृत्यू शंभरात दहावरून सातवर आले. आपल्याकडचा झारखंडमधला टीबीचा अभ्यास २०२३ मधला. तिथे रुग्णांना दरमहा दहा किलोचा शिधा दिला. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी दिसला. घरच्या माणसांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं मिळाली, तेव्हा त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. उपचार सुरू होताना खात्याची माहिती आरोग्य केंद्रात नक्की द्या. हे पैसे खाण्यासाठीच आहेत, घरात तेवढं ठरवून घ्या.

तुमच्या रुग्णाचं काय? सहा महिन्यांत ६० किलोचं वजन ५४ वर आलं असेल, तर ते वयामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका. वजनकाटा नसेल तर बांगड्या ढिल्या झाल्यात का, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का, ते बघा.

५० किलोच्या आजारी माणसाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी (१२), दोन कप दूध (१३), मूठ-दीड मूठ फुटाणे (१०), मूठभर शेंगदाणे (६), वाटीभर घट्ट वरण (७) आणि दोन भाकरी (१२) इतक्यात ती भरतात. महागडा प्रोटीनचा डबा दर वेळी लागत नाही. काही खाणंच जात नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. दात नसतील तर फुटाण्या-दाण्यांचं कूट करा, भाकरी दुधात कुस्करा. एकदम ताटभर वाढू नका, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. आणि भूक सकाळी जास्त असते, तेव्हा चहाने पोट भरू देऊ नका.

किडनीचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचा मेळ पुन्हा घालावा लागतो. आणि ज्याच्या पोटात पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच गेलेलं नाही, त्याला घरी एकदम भरपूर खायला घालू नका. रक्तातले क्षार अचानक घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. अशा माणसाचं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सुरू करावं लागतं.