घरच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल: कमी जागेत दणकट वर्कबेंच कसं बसवायचं?

सोल्डरिंग आयर्न आणलं, मल्टिमीटर आला, बंद पडलेला रेडिओ उघडायची हौसही आहे. पण काम करायचं कुठे? बहुतेक घरांत उत्तर एकच, जेवणाचं टेबल. मग सनमायक्यावर डाग पडतो, स्क्रू हरवतात आणि जेवणाची वेळ झाली की पसारा उचलावा लागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे टेबल हलतं. आयर्नचं टोक ३२० ते ३५० अंश सेल्सिअस गरम असतं. तेवढ्यात टेबलाला धक्का लागला, तर सर्किट बोर्डही जातो आणि बोटही भाजतं.

साधारण ३ फूट बाय २ फूट जागेत एक पक्कं टेबल बसू शकतं. मात्र त्यासाठी आधी टेबल हलतं का, हे समजून घेऊ.

जाड लाकूड म्हणजे दणकट टेबल?

आपल्याला वाटतं, फळी जाड घेतली की झालं. पण बहुतेक टेबलं वजनाने वाकत नाहीत, ती आडवी झुलतात. आईस्क्रीमच्या चार काड्या घ्या, टोकांना टाचण्या लावून चौकोन करा आणि बाजूने ढकला. चौकोन लगेच तिरका होतो. आता त्यात एक काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात लावा. दोन त्रिकोण तयार झाले आणि चौकोन जागच्या जागी घट्ट! त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, एवढंच यामागचं गणित.

म्हणून स्वस्त, बारीक पायांच्या टेबलालाही मागून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक तिरकी पट्टी मारली तर ते महागड्या टेबलापेक्षा पक्कं होतं. मागे तिरक्या पट्टीऐवजी प्लायवूडचा पत्रा पायांना स्क्रूने बसवला तरी तेच काम होतं.

भिंत हाच सगळ्यात पक्का पाय

घर स्वतःचं असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. भिंतीवर टेबलाच्या उंचीला एक आडवी लाकडी पट्टी अँकर बोल्टने बसवा आणि टेबलाची मागची कड तिच्यावर स्क्रूने जखडा. आता टेबल डावीकडे-उजवीकडे झुलू शकत नाही आणि पुढे-मागेही नाही. पुढच्या दोन पायांना फक्त वजन पेलायचं उरतं. चार पायांच्या झुलत्या टेबलापेक्षा हे दोन पायांचं टेबल जास्त स्थिर असतं.

ड्रिल मारण्याआधी दोन गोष्टी बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून आतल्या वायरी गेलेल्या असू शकतात. आणि नव्या इमारतींत हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधा प्लग सैल होतो, त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा अँकर घ्यावा लागतो.

भाड्याचं घर असेल तर भिंत सोडा, तिरक्या पट्ट्यांचा मार्ग धरा.

वरची फळी किती जाड?

आता जाडीकडे येऊ. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १२ मिमीऐवजी १८ मिमी प्लायवूड घेतलं तर जाडी दीडपट, पण ताठपणा जवळपास ३.४ पट. ३ फुटांच्या टेबलाला १८ मिमी पुरतं, फक्त पुढच्या कडेखाली एक उभी लाकडी पट्टी लावा.

दोन फळ्या एकावर एक ठेवणार असाल तर मध्ये फेविकॉल भरपूर लावा आणि वजन ठेवून सुकू द्या. नुसत्या ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो, नीट चिकटवल्या तर जवळजवळ आठपट. बाल्कनीत टेबल ठेवायचं असेल तर पाण्यात टिकणारं, आयएस ७१० छापाचं प्लायवूड घ्या.

उंची आणि व्हाइस

बसून काम करायचं असेल तर २९-३० इंच उंची ठीक. उभ्याने करवत-कानस चालवायची असेल तर टेबल कोपरापेक्षा थोडं खाली हवं. व्हाइस नेहमी पायाच्या बरोबर वर, कोपऱ्यात बसवा. फळीच्या मधोमध बसवला तर प्रत्येक ठोक्याला फळी उडते, पायावर बसवला तर जोर सरळ जमिनीत जातो. खालच्या कप्प्यात जड वस्तू ठेवा, टेबल आणखी बसतं.

वीज, धूर आणि शिसं

एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या मागे नको. काही बिघडलं तर गरम आयर्नवरून हात नेऊन स्विच बंद करावा लागेल. तो पुढच्या बाजूला, हात सहज पोचेल असा लावा. अर्थिंग चालू असलेलं थ्री-पिन सॉकेट हवंच आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी असावा. दुरुस्तीवाले वापरतात तो सिरीज बल्ब जरूर ठेवा. शॉर्ट असलेली वस्तू लावली तर बल्ब पेटतो आणि फ्यूज वाचतो. पण लक्षात घ्या, सिरीज बल्ब शॉकपासून वाचवत नाही.

सोल्डरिंगचा धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो. त्यातल्या राळेमुळे दम्याचा त्रास होऊ शकतो. कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा असा ठेवा, की तो धूर तुमच्यापासून ओढून खिडकीकडे टाकेल. शिसं या तापमानाला वाफ होऊन उडत नाही, ते हाताला लागतं आणि हातातून पोटात जातं. म्हणून या टेबलावर चहा-बिस्कीट नाही, काम संपलं की साबणाने हात धुवायचे आणि सांडलेले थेंब ओल्या कपड्याने पुसायचे. घरात रांगतं मूल असेल तर खालची फरशीही पुसा. म्हणूनच जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग नकोच.

शेवटची परीक्षा

टेबल तयार झालं की त्यावर पाऊण ग्लास पाणी ठेवा आणि कोपऱ्याला तळहाताने ढकला. पाणी डचमळलं तर फळी जाड करायला धावू नका. आधी बघा, त्रिकोण कुठे राहून गेलाय.